अंगठे घराकडं

गुरुवारी सकाळी फोन वाजला तेव्हा आमच्या रामवाडीच्या खोलीत पापडाचं पीठ कुटून झालं होतं आणि पहिल्या लाट्या पडत होत्या. पोह्याच्या पापडाचं पीठ कुणासाठी थांबत नाही, म्हणून कामाच्या वेळी मी फोन घेत नाही. पण वर ‘हवालदार’ असं नाव दिसलं आणि मी काहीशा वैतागानंच तो कानाला लावला. दर गुरुवारी रोह्याहून निघताना ते फोन करत. “बाई, निघालो हाय. गावास्नं परत येताना चहा घेईन,” एवढंच सांगायचं असे, आणि तेवढ्यासाठी माझे पिठाचे हात धुवायला लावत. मी म्हटलं, “कळलं, या.” पलीकडून सुलभावहिनींचा आवाज आला. “बाई, हे आज येत नायत... हे गेले.” मी त्यांना विचारलं, “बरं नाही का?” असलं काहीतरी विचारतो माणूस अशा वेळी. त्या शांतपणे म्हणाल्या, “पिशवी भरून घेतली, दाराशी चपला घालायला बसले, आणि बसले ते बसलेच.”

मी तशीच निघाले. रोह्याला पोचले तेव्हा त्यांच्या दारात माणसं होती, आणि माणसांच्या आधी मला दिसल्या त्या चपला. मी जन्माची मास्तरीण, वर्गाबाहेरच्या चपलांवरून कोण पोर आलंय आणि कुणी दांडी मारलीय हे सांगायची सवय. त्या ढिगात रोह्याच्या बाजारातल्या एकाच चांभाराच्या हातचे कितीतरी जोड होते. जाड तळ, तपकिरी पट्टा, अंगठ्याला दुहेरी शिवण. काही नवे होते, काही झिजून पातळ झालेले, एकाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेलं. यांतला प्रत्येक जोड कधी ना कधी माझ्या खोलीत, हवालदारांच्या पिशवीत मी पाहिला होता. म्हणजे कोण कोण आलंय ते मला आत न जाताच समजलं, आणि तिथंच, पायरीच्या अलीकडे, मला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते.

यशवंत वारगे हे पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण माझ्या तोंडी ‘हवालदार’ बसलं ते बसलं. यावरून ते मला नेहमी टोचत. “बाई, सरकारनं बढती दिली. तुमी कधी देणार?” मी म्हणायची, “अभ्यास वाढवा.” आमची ओळख झाली तेव्हा ते पेणच्या ठाण्यात होते. मी शाळेतून निवृत्त होऊन रामवाडीला बायकांचा पापडाचा उद्योग सुरू केला होता. एक दिवस दारात खाकी कपडे दिसले आणि सगळी लाटणी थांबली. हा गृहस्थ मात्र उंबऱ्याबाहेर वाकून बुटाच्या नाड्या सोडत बसला. पोट आडवं येत होतं, नाडी सुटता सुटत नव्हती, आणि अनुसया, आमची सगळ्यात जुनी बाई, पदर तोंडाला लावून हसायला लागली. बूट काढून ते आत आले आणि म्हणाले, “मागची खोली रिकामी हाय असं समजलं. एक माणूस ठेवायचाय. जेलातून सुटून येतोय.”

मी म्हटलं, “इथे बायका काम करतात, हवालदार.”

“म्हणून तर आलो. बाप्ये असते तर त्याला पयल्याच रात्री दारू पाजली असती.”

मी नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, पुन्हा नाड्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांना वाकलेलं पाहून अनुसयाच म्हणाली, “ठेवा ओ बाई. माजा भाऊ पण आत होता. सुटला तेवा कुनी दारात उभा केला नाय, तो कुठं गेला ते आज पण ठावं नाय.” भीती माझ्या एकटीच्याच मनात होती, बायकांच्या नव्हती. मी किल्ली काढून दिली.

त्यातून जे उभं राहिलं त्याला आम्ही कधी नाव दिलं नाही. तुरुंगातून सुटायची तारीख आधी हवालदारांना कळायची, ते मला सांगायचे. ज्याचं घर उघडं असेल तो घरी, ज्याचं नसेल तो आमच्या मागच्या खोलीत. दोन वेळचं जेवण बायका बघायच्या. काम पोह्याच्या गिरणीत, नाहीतर गणपतीच्या कारखान्यात माती मळायला. ठाण्याचे साहेब बदलत राहिले, आणि प्रत्येक नव्या साहेबाकडून हवालदार एकच गोष्ट कबूल करून घेत. गावात चोरी झाली की सुटून आलेल्याला पहिला उचलायची जी रीत आहे, ती इथे चालणार नाही. आधी बाईंना फोन करायचा, माणूस कुठे होता ते विचारायचं, मग काय ते ठरवायचं. एका साहेबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, की तुम्ही पोलिसाचे की चोराचे? हवालदार म्हणाले, “साहेब, चोर कमी झाले तर काम आपलंच कमी व्हईल.” साहेब हसले आणि काम झालं. सगळेच हसले नाहीत. एका साहेबांच्या कारकिर्दीत आमचा एक माणूस दोनदा उगाच आत बसून आला, आणि त्या दोन्ही दिवशी हवालदार घरी न जेवता ठाण्याच्या बाकावर बसून राहिले.

पण सुरुवातीलाच आमच्या हातून एक मोठी चूक झाली होती. धरमतरच्या खाडीकडचा एक तरणा माणूस, बार्जवरचं डिझेल चोरलं म्हणून आत गेलेला, सुटला. साहेब उत्साही होते. म्हणाले, आपणच त्याला सन्मानानं घरी पोचवू. गाडी दिली. मी आणि हवालदार बरोबर गेलो, मी तर पेढेही घेतले होते. पोलिसांची गाडी गावात शिरली आणि दारं धडाधड लागली. गावाला वाटलं, पुन्हा पकडला, आता झडती घ्यायला आणलाय. त्याच्या बापानं अंगणात येऊन आमच्यादेखत त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. आम्ही समजावत राहिलो, पण गाडीच्या आवाजापुढे आमचं कोण ऐकतो? सकाळी तो पोरगा निघून गेला. पुन्हा कधी कुणाला दिसला नाही. हवालदार महिन्याभरानं त्या बापाला भेटायला साध्या कपड्यांत गेले. बाप जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “तुमी त्याला गाडीत घालून आनलाव. चालत आला असता त माजा पोर आला असता.”

हे वाक्य हवालदारांनी मला रामवाडीला येऊन सांगितलं. मग म्हणाले, “बाई, माणसाच्या आधी चपला न्यायच्या.” मला वाटलं, यांना ऊन लागलं. पण ते खरंच तसं करायला लागले. तुरुंगातला एक शिपाई त्यांच्या ओळखीचा होता. तो सुटणाऱ्या माणसाला वर्तमानपत्रावर उभं करून पावलाभोवती पेन फिरवून घेई. तो कागद रोह्याच्या चांभाराकडे जाई आणि जोड तयार होई. सुटायच्या आधी महिना-दीड महिना हवालदार तो जोड पिशवीत घालून त्या माणसाच्या घरी जात. एकटे, एसटीनं, सदरा-पायजम्यात. उपदेश नाही, चौकशी नाही. घरच्यांच्या हातात चपला देत आणि म्हणत, “या ओटीवर ठेवा. तो येईपर्यंत असू द्या.” येणारी-जाणारी माणसं ओटीवर चपला बघत. कुणाच्या म्हणून विचारत. मग भांडणं होत, बोलणी होत, शेजारीण नाक मुरडे, सासू रडे. काय व्हायचं ते सगळं त्या बिचाऱ्या चपलांसमोर होऊन जाई. माणूस येईपर्यंत गाव त्या चपलांना कंटाळलेलं असे. तो यायचा, पाय धुवायचा, आणि त्याच्या चपला आधीपासूनच तिथे असायच्या.

याचे त्यांचे दोन नियम होते. एक, आपण स्वतः ओटीवर ठेवायच्या नाहीत, घरातल्याच माणसानं ठेवायच्या. आणि दुसरा, टाचा बाहेर, अंगठे घराकडं. “अंगठे भायेर असले की माणूस निघालाय असं वाटतं, बाई. अंगठे घराकडं असले की आत गेलाय असं वाटतं.” मी त्यांना हसायची, तेही हसायचे. एकदा एका घरच्या कुत्र्यानं एक पाय पळवला, तर हे गृहस्थ भर दुपारी उरलेला एक पाय घेऊन चांभाराकडे जोड पुरा करायला गेले. एका घरची बाई तर त्यांच्यावरच उखडली. “असल्या खरबरीत चपला त्यांना कधी चालल्यात का? पाय सोलतील ना!” हवालदार तिथून आले ते नाचायचेच बाकी होते. “बायको चपलेला नावं ठेवायला लागली, बाई. जमलं समजा!”

हरीच्या बाबतीत मात्र जमत नव्हतं. गागोद्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक लहान गाव आहे, तिथला हा हरी. दोघे भाऊ, भात आणि त्यावर वाल अशी शेती. वालाला पाणी वळवण्यावरून बांधावर बोलाचाली झाली आणि हरीनं हातातलं फावडं मोठ्या भावाच्या, महादूच्या डोक्यात घातलं. महादू जागीच गेला. हरी पळाला नाही. पोलीस येईपर्यंत बांधावरच बसून होता. त्याला धरून आणलं ते हवालदारांनीच. तो अनवाणी होता, पाय चिखलानं भरलेले. घरावरून नेताना हवालदारांची नजर ओटीवर गेली. ते मला एकदा म्हणाले होते, “दोन जोड होते, बाई, शेजारी शेजारी. एकाचा माणूस बांधावर पडलेला, आणि दुसऱ्याचा माज्या हातात.” हरीची आई चांगुणाबाई दारात उभी होती. तिनं लेकाकडे बघितलंसुद्धा नाही. हवालदारांना म्हणाली, “न्या.” त्याच संध्याकाळी तिनं हरीच्या चपला परसात जाळल्या.

शिक्षा भोगून हरी आला तेव्हा आमच्या मागच्या खोलीतच आला. गिरणीत कामाला लागला. कमी बोलणारा, मान खाली. बायकांनी दिलेलं ताट घासून परत द्यायचा, आणि अनुसया म्हणायची, “हा असा असताना तसा कसा झाला गो बाई?” त्यानं कधी आमच्याकडे काही मागितलं नाही. पण आई थकली होती, तिला दिसेनासं होत चाललं होतं, आणि ती जाण्याआधी एकदा त्या घरात पाय ठेवता यावा एवढंच त्या माणसाला हवं होतं. हे कळायला त्यानं तोंड उघडायची गरज नव्हती. दर गुरुवारी हवालदार त्याच्या चपला घेऊन गावाला जात आणि संध्याकाळी परतताना आमच्या खोलीत चहाला थांबत. हरी गिरणीतून येऊन दारापाशी उभा राही. हवालदारांच्या चेहऱ्याकडे तो बघतच नसे. तो बघे पिशवीकडे. पिशवी सपाट असली तर चपला घरात राहिल्या, फुगलेली असली तर परत आल्या. पिशवी फुगलेलीच असायची. हवालदार ती खुंटीला अडकवत, हरी आत निघून जाई, आणि माझ्या चहाला चव राहत नसे.

पहिल्या खेपेला चांगुणाबाईनं चपला शेणखईत भिरकावल्या. हवालदारांनी त्या काढल्या, विहिरीवर धुतल्या आणि परत आणल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा नेल्या. असं किती वेळा झालं याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, मीही नाही. मग ती त्या अंगणाबाहेरच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवायला लागली. हवालदार खूश! “शेणातून दगडावर आल्या, बाई.” मी म्हटलं, “अजून परतच येतायत ना?” म्हणाले, “येतायत. पण तिनं फेकल्या नायत. ठेवल्यात.” पुढे चांगुणाबाई त्यांच्याशी बोलायला लागली, पावसापाण्याचं, गुडघ्याचं. एकदा तिनं मनातलं सांगून टाकलं. “माजा पोटचा हाय तो. जीव तुटतो माजा. पन सुनंच्या डोल्यासमोर कशा ठेवू? तिच्या कपालाचं कुकू त्यानं पुसलं.” महादूची बायको सुनीता त्याच घरात राहत होती. सासूला सांभाळत होती, शेत बघत होती. हवालदार आले की ती आत निघून जायची.

मला राहवेना. मी म्हटलं, “मी बोलते सुनीताशी. बाईमाणूस बाईमाणसाशी बोलेल.” हवालदार माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. “नाय. तिला इचारायचं नाय. दारात एक पोलीस आणि एक मास्तरीण उभी राहिली की गरीब माणूस व्हयच म्हणतो. तिला व्हय म्हणावंच लागंल. मग ती जल्मभर त्या चपला रोज बघत बसंल. तसला व्हय मला नको, बाई.”

“आणि ती कधीच हो म्हणाली नाही तर?”

“तर नाय म्हणाली. तिचा हक्क हाय.”

मी सुनीताकडे गेले नाही. समाजकार्य करणाऱ्या आम्हा मंडळींना लोकांचं भलं करायची फार घाई असते. या माणसाला नव्हती. मला तेव्हा त्याचा राग आला होता, आज नाही.

जाण्याच्या आदल्या गुरुवारी ते आले तेव्हा दमले होते. पायरीवरच टेकले. मी म्हटलं, “डॉक्टरकडे जाऊन या, तोंड पांढरं पडलंय.” म्हणाले, “चढ हाय गावाला, बाकी काय नाय.” पिशवी फुगलेलीच होती. हरीनं बघितलं आणि तो वळला. तेवढ्यात हवालदार म्हणाले, “थांब रं. आज तुज्या वहिनीनं मला पाणी दिलं.” हरी तसाच पाठमोरा उभा राहिला. “इतकी वरसं जातोय, आज पयल्यांदा भायेर आली. तांब्या ठेवला, गेली. बोलली काय नाय.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, लय गोड पाणी हाय त्यांच्या विहिरीचं.” जाताना खुंटीवरची पिशवी घेतली, दारात वाकून चपला घातल्या, पुन्हा पोट आडवं आलं आणि अनुसया पुन्हा हसली. ती त्यांची माझी शेवटची भेट.

रोह्याला त्या दिवशी हरीही आला होता. आत येत नव्हता, फाटकापाशीच उभा होता. सुलभावहिनींनी त्याला पाहिलं आणि निरोप पाठवला, “त्याला आत बोलवा. खांदा द्यायचाय.” ज्या हातांना त्या माणसानं एकदा दोरी लावली होती, त्या हातांनी त्याची तिरडी उचलली. कुंडलिका नदीच्या काठापर्यंत हरीनं खांदा बदलून दिला नाही. गणवेशातले चार-पाच जण आले होते, तेही मागे राहिले आणि त्याला पुढे चालू दिलं.

तेराव्यानंतर वहिनींनी ती पिशवी माझ्या हातात दिली. दाराशी भरून ठेवलेली, तशीच. त्यात हरीचा जोड होता. वहिनींनी वर आणखी एक जोड ठेवला, हवालदारांच्या स्वतःच्या चपला. त्या दिवशी घालायला घेतलेल्या आणि घालायच्या राहिलेल्या. “लोक म्हणतात टाकून द्या. माज्यानं टाकवत नायत, बाई. यांनी कधी कुनाची चपल टाकली नाय. कुनाच्या पायाला आल्या तर द्या.” मी पिशवी घेतली. ती इतकी जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी गावाला गेले. चढ खरंच दमवणारा आहे. चांगुणाबाई ओटीवर बसली होती. पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, “हवालदार, लय गुरवार चुकवलात.” तिला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. ती नुसती जमिनीवर हात फिरवत राहिली. मग आत तोंड करून म्हणाली, “सुनीता, आयकलंस काय गो? आपले हवालदार गेले.” सुनीता बाहेर आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, सरळ नजरेची बाई. तिनं माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडाशी त्या झिजलेल्या चपला दिसत होत्या. “या त्यांच्या?” तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं त्या काढून घेतल्या, पदरानं पुसल्या आणि ओटीवर ठेवल्या. टाचा बाहेर, अंगठे घराकडं. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. आतून ऐकत असणार ती, इतकी वर्षं. मग तिनं पिशवीतल्या दुसऱ्या जोडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “या नाय... अजून.”

संध्याकाळी हरी दारापाशी उभा होता. पिशवी अर्धी फुगलेली. मी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, “अजून म्हणाली?” मी म्हटलं, “हो.” तो खाली बसला आणि कितीतरी वेळ त्यानं तोंडावरचे हात काढले नाहीत. अनुसया त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

तेव्हापासून गुरुवार माझ्याकडे आला आहे. पापडाचं पीठ गुरुवारी आता अनुसया बघते. मी जाते, बसते, सुनीतानं दिलेलं पाणी पिते. खरंच गोड आहे पाणी. हवालदारांच्या चपला ओटीवर असतात आणि दर वेळी मला वाटतं, आत काहीतरी बोलत बसलेत, आता बाहेर येतील, वाकतील, पोट आडवं येईल. माणसाच्या आधी चपला न्यायच्या, मग माणूस येतो, असं ते म्हणायचे. कितीतरी घरांत ते खरं झालं. त्यांच्या स्वतःच्या चपलांच्या बाबतीत मात्र ते होणार नाही, आणि हे मला गुरुवारी त्या ओटीवर जितकं टोचतं तितकं बाकीच्या दिवशी नाही.

गेल्या गुरुवारी गेले तर ओटी नुकतीच सारवलेली होती. सारवताना उचललेल्या चपला सुनीतानं परत मध्यावर न ठेवता पार भिंतीला लावून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या अलीकडे, पायरीच्या बाजूला, एका जोडाएवढी जागा मोकळी होती. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. सुनीता काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. हवालदारांनी मला तेवढं तरी शिकवलं आहे.

रामवाडीला येऊन हरीला हे सांगितलं. खरं तर सांगू की नको, अशी मी वाटभर घुटमळत होते. उगाच आशा लावायची आणि ती नुसती सारवणाची सोय निघायची. हरीनं विचारलं, “जागा कुठल्या अंगाला, बाई?” मी म्हटलं, “हवालदारांच्या भिंतीकडे आहेत. मोकळी जागा पायरीकडे.”

तो म्हणाला, “भिंतीकडं दादा ठेवायचा. पायरीकडची जागा माजी.”

आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या चपलांची जागा तिनं हवालदारांना दिली होती आणि दिराची जागा रिकामी राखली होती, ते तिचं तिलाच ठाऊक, आणि याला. हवालदारांना हे सांगावं म्हणून माझा हात फोनकडे गेला... मग मागे आला.

हरीनं माझ्या हातातून पिशवी घेतली आणि त्यांच्या खुंटीला अडकवली. अजून फुगलेलीच आहे ती. गुरुवारी न्यायची आहे.